उरलेलं आठ लिटर

"कॅनमधलं मिक्स संपलं की मी निघतो," असं एर्मेकने रविवारी जेवताना जाहीर केलं, आणि त्याची बायको जीपार ओतत होती तो चहा पियाल्याच्या काठावरून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला.

"सांडू दे, सांडू दे," मानाच्या जागेवर बसलेला तिचा सासरा म्हणाला. "जाणाऱ्याने जावं. पुरुषमाणसाने हिवाळाभर घरात बसून काय अंडी उबवायची आहेत?"

जीपारने फडक्याने चहा टिपला. सासऱ्यांपुढे मान वर करून बोलायची रीत नव्हती. वर्षभर ती हेच ऐकत होती. तिकडे रशियात, थंड मुलखात, गावातल्या सात-आठ जणांची टोळी बांधकामावर होती. मुकादमाचा फोन दर दोन दिवसांनी येत होता. गावात ज्यांची पोरं तिकडे होती त्यांच्या घरांवर निळे पत्रे चढले होते. यांच्या घरावर अजून जुनंच छप्पर होतं आणि वसंतात बर्फ वितळायला लागलं की घरात चार ठिकाणी पातेली ठेवावी लागायची. एर्मेक ती पातेली बघून बघून पिसाळला होता. जेवता जेवता उठून फाटकापर्यंत जायचा, रस्ता बघायचा, परत यायचा. त्याचं अंग घरात होतं, एवढंच.

"किती उरलंय?" तिने विचारलं.

"आठ लिटर. दोन दिवसांचं काम. शुक्रवारी जानीबेकची गाडी तिकडे जातेय."

मिक्स म्हणजे ऑइल कालवलेलं पेट्रोल. गवत कापायचं मशीन त्याच्यावरच चालतं; नुसतं पेट्रोल घातलं तर जळून जातं. आणि एकदा कालवलं की ते दुसऱ्या कशाला उपयोगी नाही. हिवाळाभर ठेवलं तर चिकट होतं आणि मशीनच्या नाकातोंडात जाऊन बसतं. मागच्या साली ठेवलं होतं. यंदा जूनमध्ये सगळं गाव डोंगरावर गवत कापत होतं तेव्हा एर्मेक अंगणात मशीनचे तुकडे मांडून शिव्या देत बसला होता. म्हणून यंदा एक थेंब ठेवायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्याच्या माघारी ते मशीन चालवणारं घरात कुणी नव्हतं. म्हातारा तर त्याला हातही लावत नसे. त्याचा लांब दांड्याचा विळा अजून ओसरीत टांगलेला होता, आणि मशीनचा आवाज सुरू झाला की तो तोंड फिरवून बसायचा.

दोन दिवस. जीपारने पियाले गोळा करताना मनात मोजलं.

मधल्या खोलीच्या तुळईला एक खिळा होता. खिळ्याला फडकं, फडक्यात एक नान. तिच्या एका कडेला घास तोडलेला. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाने उंबऱ्यावर नानचा एक घास तोडायचा, उरलेली घरच्यांनी टांगून ठेवायची. तो परत आला की त्याने ती संपवायची. ही नान एर्मेकच्या थोरल्या भावाची, बेक्तुरची होती. तोही त्याच मुलखात, त्याच कामावर गेला होता. तिसऱ्या मजल्याच्या फळीवर बर्फ साचलं होतं, पाय घसरला. जानीबेकच्या गाडीतूनच गेला होता आणि जानीबेकच्याच गाडीतून पेटीत परत आला. चार वर्षं झाली. नान दगड झाली होती. ती काढायची कुणाची छाती होत नव्हती.

सोमवारी सकाळी जीपारने पहिली युक्ती केली. युक्ती कसली, साधी गोष्ट.

"अहो, ताईंची लसूणघास उभी आहे अजून," ती म्हणाली. "एवीतेवी मिक्स संपवायचंच आहे."

ताई म्हणजे बुराकान, बेक्तुरची बायको, तिची जाऊ. भिंतीला भिंत लागून राहायची. धाकट्या दिराने नाही तर कुणी कापायची तिची घास? एर्मेकने मशीन खांद्याला अडकवलं, जाळीचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि गेला.

दिवसभर मशीनचा कर्कश सूर गावाच्या त्या टोकाला चालू होता. समोरच्या डोंगरावर बर्फाची रेघ रात्रीतून आणखी खाली सरकली होती. वारा कोरडा होता, ओठ फोडणारा. जीपार आणि बुराकान मागून दाताळ्यांनी घास ओढत होत्या. तिसरी कापणी, आखूड आणि नाजूक. जास्त ओढलं की पानं गळून नुसत्या काड्या हातात यायच्या.

"हळू ओढ गं," बुराकान म्हणाली. "माझ्या गायीला काड्या चघळायला लावतेस? कुणावर राग काढतेयस?"

"राग कसला?"

"मला नको शिकवू. मीही ओढलंय असं दाताळं. तो जायच्या आदल्या आठवड्यात." बुराकान कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा उन्हाने आणि वाऱ्याने भाजून लाल झाला होता. "मी तेव्हा काही बोलले नाही. गप्प राहिले. शहाणी सून म्हणून सगळ्यांनी वाखाणलं मला. आता त्या वाखाणण्याचं लोणचं घालू?"

बांधावर मशीन बंद झालं. एर्मेक टाकी भरत होता. ही तिसरी टाकी. एका टाकीत लिटरभर मावतं. तिने बोटांवर मोजलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून बोटं दाताळ्याच्या दांड्यावर घट्ट आवळली.

मंगळवारी कालव्यावरचा उतार. तिथे पाय ठरत नाही, म्हणून उन्हाळ्यात सोडून दिला होता. आता तिथलं गवत वाळून पिवळं झालं होतं, घोडीलाच काय ती त्याची चव. तीही युक्ती जीपारचीच. एर्मेक तिच्याकडे बघून हसला.

"उद्या म्हणशील, मशिदीमागची कुसळं काप. परवा म्हणशील, शाळेचं मैदान."

"मशिदीमागे खरंच वाढलीत," जीपार म्हणाली.

"बास! मिक्स संपलं की संपलं."

पण हसला होता. तेवढ्या हसण्यावर ती दुपारपर्यंत चालली.

दुपारी चहाला म्हाताऱ्याने पियाला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं करून खाली ठेवला. "कडू लागतोय."

"आबा, आत्ताच केलाय."

"माझ्या तोंडालाच चव नाही. राहू दे."

त्याची दाढी नेहमी स्वच्छ धुतलेली असायची. आज तिला कसलासा उग्र वास येत होता आणि ओठांच्या कडा लाल झाल्या होत्या. म्हातारा आजारी तर पडत नाही ना, असं जीपारला वाटलं आणि तिला नवा घोर लागला. घरात आजारी माणूस असेल तर एर्मेक जाईल का? असा विचार मनात आला म्हणून तिने स्वतःला शिवी दिली.

संध्याकाळी एर्मेकने कॅन उचलून हलवला. "च्यायला, बरंच आहे की. मला वाटलं लिटरभर असेल."

"उतारावर मशीन कमी पितं," म्हातारा गालिच्यावरून म्हणाला. "संपव लवकर. जानीबेक काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

बुधवारी मशिदीमागची कुसळं कापली. शाळेचं कुंपण साफ झालं. मग गावातलं कोणकोण येऊ लागलं. एर्मेक मिक्स संपवतोय ही बातमी पसरली होती. एकाच्या परसात अंगाला खाज आणणारी झुडपं होती, दुसऱ्याला मेंढ्यांच्या वाड्यापर्यंत वाट हवी होती. एर्मेक कुणाला नाही म्हणाला नाही. त्याला फक्त संपवायचं होतं. तो खांदे आवळून, दात खाऊन, रागाने कापत होता. जणू काही ते गवतच त्याला अडवून धरत होतं. आणि दुपारी कॅनमध्ये पुन्हा तळाशी तीनेक लिटर डुचमळत होतं.

"खिदीर येऊन गेले वाटतं तुझ्या शेडमध्ये," बुराकान म्हणाली. जिथे खिदीर पीरांचा पाय लागतो तिथला पिठाचा डबाही आटत नाही, दूधही आटत नाही. "लोकांच्या घरी येतात तर लोणी वाढवतात. आमच्या घरी आले आणि काय वाढवलं? पेट्रोल!"

एर्मेक हसला नाही. त्याचं लक्ष मशीनकडे होतं. मशीनच्या धुराड्यातून पांढराफट्ट धूर निघत होता, ओल्या गोवऱ्या पेटवल्यावर निघतो तसा. आवाजही बसला होता. पूर्वी ते किंचाळायचं, आता घसा धरल्यासारखं घरघरत होतं.

"पेट्रोलमध्येच भेसळ असणार," तो म्हणाला. पण टाकीत डोकावून जरा जास्तच वेळ उभा राहिला.

गुरुवारी उजाडता उजाडता जीपार दूध काढायला गोठ्याकडे निघाली. रात्री दंव गोठलं होतं, बादलीच्या कडीला बोटं चिकटत होती. गोठ्याला लागूनच शेड. शेडचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कुणीतरी खोकत होतं.

आत तिचा सासरा होता. फजरची, पहाटेची नमाज आटोपून आलेला, डोक्यावर अजून नमाजाची टोपी. पायाशी एक बाटली, तिच्यात रबरी नळीचं टोक, आणि नळीचं दुसरं टोक शेडमधल्या जुन्या जीपच्या टाकीत. म्हातारा तोंडाने पेट्रोल ओढत होता. ओढायचा, पेट्रोल तोंडात आलं की थुंकायचा, खोकायचा, मिशा पुसायचा. मग त्याने बाटली कॅनमध्ये ओतली. फळीवरून गंजका डबा काढला, तो ज्या काळी जंगल खात्यात करवत चालवायचा त्या काळातलं काळं घट्ट ऑइल. ते चहाच्या पियाल्यात मोजून घेतलं. पियाला काठोकाठ भरला, डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि कॅनमध्ये रिता केला. ऑइलचा एक ओघळ मनगटावरून बाहीत गेला.

जीपारच्या हातातली बादली दाराला लागली.

म्हाताऱ्याने वर पाहिलं. ती सून, सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ बघायचं नसतं, नाव उच्चारायचं नसतं. त्याच्या नावात उपासाच्या महिन्याचं नाव होतं, म्हणून बारा वर्षं ती त्या महिन्यालाही 'तो महिना' म्हणत आली होती. आता या रीतीचा तिला पहिल्यांदा उपयोग झाला. तिने मान खाली घातली आणि काही न पाहिल्यासारखी गोठ्यात गेली. गायीच्या पोटाला कपाळ टेकवून धारा काढत राहिली. रडायला येत होतं आणि हसायलाही. जा जा म्हणून रोज पोराला हाकलणारा हा माणूस!

दुपारी मशीन मेलं.

एर्मेक ते खांद्यावरून ओढत घरी आला. घाम थंड होऊन कॉलर भिजली होती, दोरी ओढून ओढून उजव्या तळव्याची साल निघाली होती. अंगणात बसून त्याने प्लग काढला. प्लग काळा मिच्च होता आणि त्यातून ऑइल गळत होतं. मग त्याने कॅन तिरका करून थोडं मिक्स काचेच्या बरणीत ओतलं आणि उजेडात धरलं. त्याचं ऑइल हिरवं असायचं. नवं मिक्स कोवळ्या पाल्याच्या रंगाचं दिसतं. बरणीतलं काळ्या चहासारखं होतं.

"जीपार!"

ती बाहेर आली. भिंतीपलीकडून बुराकानचं डोकं वर आलं. म्हातारा ओसरीत विळ्याला धार लावत होता. तो दगड थांबला.

"हे तू करतेयस."

"काय?"

"काय म्हणे! रोज संध्याकाळी कॅन भरलेला. आबांचं जुनं काळं ऑइल ओततेस, जीपमधलं पेट्रोल ओततेस. मी खुळा आहे? ताईंची घास, उतार, मशीद, शाळा! आणखी काय काय शोधलं असतंस तू? गावाचं सगळं गवत संपलं असतं तरी तुझं मिक्स संपलं नसतं!"

जीपारने ओसरीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एर्मेकला कळलं असतं.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"अक्कल आहे का? दूध आणि ऑइल यातला फरक तरी कळतो? मशीनचं वाटोळं केलंस! दोन वर्षं मोडून-जोडून चालवतोय मी ते!"

"चुकलं."

"चुकलं! तुला वाटलं मशीन बंद पडलं की मी राहीन? मी राहणार नाही. लोकांची घरं बघ आणि आपलं बघ. मला या पातेल्यांत पाणी गोळा करत म्हातारं व्हायचं नाही."

बुराकान भिंतीवरून म्हणाली, "भावजी, जरा हळू—"

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका!"

त्याने कॅन उचलला, कुंपणापलीकडच्या काटेरी झुडपांवर सगळा उपडा केला आणि काडी लावली. भक्कन जाळ उठला, काळा धूर गावावर वाकडा पसरला. कुत्री भुंकायला लागली. एर्मेक रिकामा कॅन जमिनीवर आपटून म्हणाला, "घ्या. संपलं मिक्स."

म्हातारा जागचा हलला नाही. त्याच्या हातातला दगड पात्यावर टेकलेला होता. जीपारला वाटलं, आता बोलेल. पण दगड पुन्हा पात्यावरून फिरू लागला, सावकाश, एका लयीत. तिला त्याचा संतापही आला. सगळ्या अंगणासमोर शिव्या तिने खाल्ल्या होत्या, म्हाताऱ्याच्या वाटच्या.

अंधार पडायच्या आत तिने हातोडी घेतली आणि तुळईवर, पहिल्या खिळ्याच्या शेजारी, दुसरा खिळा ठोकला. चार घाव. प्रत्येक घावाला पहिल्या खिळ्यावरचं फडकं हलत होतं. एर्मेक बॅग भरत होता. त्याने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. घाईघाईत मोजे बॅगेत कोंबू लागला, एकाच रंगाचे दोन मिळेनात तरी.

शुक्रवारी सकाळी जानीबेकची गाडी फाटकाशी आली. टपावर बोचकी, आत सहा माणसं, काचांवर श्वासाची वाफ. जानीबेक खाली उतरला नाही. या फाटकाशी त्याला उतरायला अवघड वाटायचं. चार वर्षांपूर्वी तो इथे पेटी घेऊन उतरला होता.

एर्मेकने बॅग स्वतःच टपावर बांधली. जीपारने पहाटे भाजलेली नान पुढे केली. रात्रभर ती ठरवत होती की आपण काहीतरी बोलायचं, बुराकानसारखं गप्प राहायचं नाही. पण आता ती नुसती त्याच्या हाताकडे बघत राहिली. एर्मेकने कडेचा एक घास तोडला, चावला. त्याच्या गालाची हाडं हलत होती. तिने उरलेली नान फडक्यात गुंडाळून छातीशी धरली.

"आबा कुठायत?" एर्मेक म्हणाला. "दुआ घ्यायची राहिली."

घरात नव्हता, ओसरीत नव्हता. "लवकर रे," जानीबेक काचेतून म्हणाला. "घाट बंद व्हायच्या आत पलीकडे जायचंय."

मग शेडमधून खोकल्याचा आवाज आला.

म्हातारा बाहेर आला. एका हातात पेट्रोलची बाटली, काखेत गंजका डबा, दुसऱ्या हातात पियाला. दाढी ओली, डोळे पाण्याने भरलेले. पेट्रोलने की कशाने, कोण जाणे. तो कुणाकडे न बघता अंगणाच्या मधोमध आला, जिथे रिकामा कॅन पडला होता तिथे गुडघे टेकून बसला, कॅन सरळ केला आणि त्यात पेट्रोल ओतू लागला. ज्या माणसाला विचारल्याशिवाय गावातली लग्नं-मयतं होत नव्हती, तो गाडीतल्या सहा माणसांसमोर धुळीत बसून नळीचं पेट्रोल ओतत होता.

"आबा?"

"आजवर पहाटे करत होतो," म्हातारा म्हणाला. "आज दिवसाउजेडी करतो. सुनेला बोलू नकोस. ती काही नाही करत. मी करतो."

एर्मेकच्या तोंडातला घास तसाच राहिला.

म्हाताऱ्याने पियाला ऑइलने भरला. अर्धं बोटांवरून सांडलं. "बेक्तुरला मी धाडलं होतं," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता. मी म्हटलं, बायकी आहेस काय? जा. तो गेला. तुला नको जाऊ असं कोणत्या तोंडाने म्हणू? तोंडाने जा म्हणतो, हात ऐकत नाहीत. मिक्स संपलं की जाणार म्हणालास. मग मी संपू दिलं नाही. बस, एवढंच आहे. आता जा, नाहीतर राहा. पण हे संपायचं आहे अजून."

भिंतीपलीकडे बुराकानने डोक्यावरचा रुमाल तोंडावर दाबून धरला होता. गाडीतल्या एकाने काच पुसली आणि पुन्हा मान फिरवली, बघू नये असं काही बघितल्यासारखी.

जीपार मग एक पाऊल पुढे आली. "मीही नको म्हणते," ती म्हणाली. मोठ्याने, सासऱ्यासमोर, गाडीसमोर. "छप्पर गळू दे. पातेली मी ठेवीन. मला तुळईवर दुसरी नान नकोय."

एर्मेक कॅनजवळ आला. उभा राहिला. रस्त्याकडे पाहिलं, टपावरच्या बॅगेकडे पाहिलं, परत खाली पाहिलं. त्याचे हात खिशात जात होते, बाहेर येत होते. मग तो उकिडवा बसला आणि बापाच्या हातातला पियाला काढून घेतला.

"एवढं ऑइल नसतं घालायचं, आबा," तो म्हणाला. "तुम्ही वीस भाग पेट्रोलला एक घालता. याला पन्नासाला एक लागतं."

"आमच्या करवतीला विसाला एकच होतं," म्हातारा म्हणाला. "वीस वर्षं चालली ती."

"आणि हे तुमच्या हातात चार दिवसांत गेलं."

"मग मला माप शिकवायचं होतंस. पेट्रोल ओढून माझाही घसा गेलाच की."

बुराकान हसली की रडली, कुणास ठाऊक, पण भिंतीपलीकडून आवाज आला खरा. जानीबेकने हॉर्न वाजवला नाही. तो दार उघडून खाली उतरला, चार वर्षांत पहिल्यांदा या फाटकाशी उतरला, टपावर चढला आणि न विचारता दोरी सोडू लागला.

"बॅग उतरवतोय रे," तो वरून म्हणाला. "नको असेल तर सांग."

एर्मेक पियाल्यातलं काळं ऑइल परत डब्यात ओतत होता, थेंब थेंब.

गाडी गेली. धूळ बसली. मुकादमाचा फोन एर्मेकच्या खिशात वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. उद्या त्याला काय सांगायचं, यंदा कोणतं वासरू विकायचं, चार पत्रे तरी कुठून आणायचे, हे सगळं अजून तसंच होतं. एर्मेक पायरीवर जाऊन बसला. लगेच उठला. फाटकापर्यंत गेला, रस्ता बघितला, परत आला, पुन्हा बसला.

"नान कुठाय?" त्याने विचारलं.

जीपारने छातीशी धरलेलं फडकं पुढे केलं. त्याने ते सोडलं, नान मोडली, अर्धी बापापुढे धरली.

"आधी चूळ भरा, आबा. पेट्रोलचा वास मारतोय."

म्हाताऱ्याने कालव्याच्या पाण्याने चूळ भरली, एकदा, दोनदा, आणि पायरीवर पोराच्या शेजारी टेकला. दोघंही चावत होते. नान शेवटच्या तुकड्यापर्यंत संपली. एर्मेकने मांडीवरचा चुराही बोटाने टिपून तोंडात टाकला.

जीपार चहा आणायला आत गेली. तुळईवर दोन खिळे होते. एकावर बेक्तुरची नान होती तशी होती. दुसऱ्या खिळ्याकडे ती थोडा वेळ बघत उभी राहिली, मग खाटेवर पडलेली एर्मेकची टोपी उचलून तिने त्याच्यावर अडकवली.